मुंगी लॉनवर नाही, लोनवर

प्रिय दांडूस,

धड्डाम्! मग गड-गड-गड-गड, मग एक लांबलचक शांतता, आणि मग टप्प. आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागता लागता हा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला आणि मी पार साठ वर्षं मागे जाऊन पडलो. आठवतं ना? कवितेचा तास, वर पत्र्याचं छप्पर, आणि मैदानावरून कोणीतरी लाथाडलेला चेंडू त्या पत्र्यावर आदळून उतारावरून गडगडत यायचा. मास्तर ओळ अर्धी सोडून, डोळे मिटून थांबायचे. अख्खा वर्ग श्वास रोखून बसायचा, की आता हा पुढच्या अंगाला पडतो की मागच्या. टप्प झालं की मास्तर उरलेली अर्धी ओळ म्हणायचे. (त्यामुळे मला अजूनही कुठलीही कविता म्हणताना मधेच थांबावंसं वाटतं. लोक समजतात, म्हातारा विसरला. त्यांना काय सांगू, मी चेंडू खाली पडायची वाट बघत असतो.)

असो. तुला सप्रेम नमस्कार आणि वहिनींना त्याहून दोन बोटं अधिक वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी मी मुद्दाम करत नाही, कारण गेल्या वेळी ती केली तर तू चार पानं लिहिलीस. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून आनंद झाला. आता त्यांना तू स्पष्ट दिसत असशील, त्याबद्दल त्यांच्यापाशी सहानुभूती व्यक्त कर. माझी तब्येत वयाच्या मानाने बरी आणि सूनबाईच्या मानाने उत्तम आहे. (ती दवाखान्यात एक्स-रे काढते. माणूस कितीही कण्हला तरी हाड शाबूत असेल तर तिच्या लेखी तो ठणठणीत.) चिरंजीव नेहमीप्रमाणे बोटीवर आहेत आणि तिथून घरातल्या प्रत्येक वादात दोन्ही बाजूंना पाठिंबा देतात. या पत्रात तुझ्याकडे मागणं असं काही नाही. नुसतं मन मोकळं करायचं आहे, कारण इथे माझं ऐकून घेणारं माणूस लवकरच घराबाहेर जाणार आहे.

ते माणूस म्हणजे आमची मुंगी. माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता ती सतरा वर्षांची असून दारातून आत येताना मान तिरकी करते. तुला एवढं माहीत आहे की ती फुटबॉल खेळते. पण ती गोलकीपर आहे, इथल्या मोठ्या क्लबच्या लहान गटाच्या संघात आहे, आणि तो संघ भयंकर चांगला आहे, हे तुला माहीत नसेल. आता संघ चांगला असला की सगळ्यांचं भलं होतं, एक गोलकीपर सोडून. आमच्या मुली पलीकडच्या टोकाला गोलावर गोल करत असतात आणि अलीकडे आमची मुंगी दोन खांबांच्या मध्ये एखाद्या बंद दुकानाच्या राखणदारासारखी उभी. चेंडू तिच्याकडे आला तर तो वाट चुकून. मी तिच्या गोलाच्या मागे, जाळीला लागून, घडीचं स्टूल टाकून बसायचो. आणि नुसतं बसून काय करायचं? मी तिला कविता म्हणून दाखवायचो. पहिल्या अर्ध्यात निसर्गाच्या, दुसऱ्या अर्ध्यात वीररसाच्या, आणि जादा वेळ मिळाला तर एखादं विलापकाव्य. दांडू, तुला खोटं वाटेल, पण जगाच्या पाठीवर इतका हक्काचा श्रोता कोणाला मिळाला नसेल. तिला जागा सोडायची परवानगीच नव्हती!

तिलाही ते आवडायचं. (असं ती म्हणते. सूनबाई म्हणते, दुसरा पर्याय नव्हता.) पाठीमागे न बघता ती माझ्या चुका दुरुस्त करायची. "आजोबा, कडवं गाळलंत," किंवा "आजोबा, ही ओळ मागच्या शनिवारी वेगळी होती." चार वर्षांत तिला सबंध शाळेच्या सगळ्या इयत्तांच्या कविता पाठ झाल्या, आणि गोलरक्षणातलं, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "उभं राहणं पक्कं झालं."

मग ती दुर्घटना झाली. सामना अगदीच एकतर्फी चालला होता आणि मी एका दीर्घ कवितेच्या शेवटच्या कडव्यात होतो. शेवटून दुसऱ्या ओळीत मी थांबलो. या खेपेला चेंडूची वाट बघत नव्हतो, खरोखरच शब्द आठवेना. जिभेवर होता, पण बाहेर येईना. मुंगीला ते असह्य झालं. ती पूर्ण मागे वळली, जाळीला नाक लावलं आणि ओरडली, "सावध, आजोबा! सावध!" तो शब्द होता 'सावध'. नेमक्या त्याच क्षणी पलीकडच्या संघातल्या एका किडकिडीत मुलीने, बहुधा चेंडूचा कंटाळा येऊन, तो लांबूनच लाथाडून दिला. तो टप्पे घेत, इकडेतिकडे बघत, एखाद्या पाहुण्यासारखा आमच्या गोलात शिरला आणि माझ्या स्टुलासमोर येऊन थांबला. या हंगामात आतापर्यंत आमच्यावर झालेला तो एकमेव गोल. पलीकडच्या मुली इतक्या नाचल्या की त्यांच्यातली एक नाचतानाच लंगडली. आणि हे सगळं बघायला त्या दिवशी नेमक्या मोठ्या संघाच्या मॅनेजरबाई येऊन बसल्या होत्या.

दोन दिवसांनी लहान गटाच्या कोचचा फोन आला. या गृहस्थांना सगळे 'शिट्टी' म्हणतात, कारण ती त्यांच्या तोंडातून निघत नाही. ते तिच्याभोवतीनेच बोलतात. घरी मी एकटाच होतो. ते म्हणाले, "आजोबा, फुर्र, मुंगीला फुर्र लॉनवर पाठवायचं मॅनेजरबाईंच्या मनात आहे. तुमची फुर्र हरकत?" आता तू सांग, यात हरकत घेण्यासारखं काय आहे? आमचं मैदान म्हणजे खडी आणि धूळ. पोरीचे गुडघे बघवत नाहीत. मी कधीपासून म्हणतोय की हिला कुठेतरी चांगल्या हिरव्यागार लॉनवर खेळवा. मी म्हणालो, "अहो, हरकत कसली? आजच पाठवा! उशीरच झाला म्हणायचा." शिट्टींनी शिट्टीतून एक बारीक, दुःखी आवाज काढला आणि फोन ठेवला. मी खुशीत येऊन शेजारच्या शिंपीणबाईंना बिस्किटं वाटून आलो. मुंगी लॉनवर चालली, म्हणून.

सूनबाई घरी आली, तिने ऐकलं, आणि माझ्याकडे एक्स-रेच्या नजरेने बघितलं. "बाबा, लॉन नाही. लोन. लोनवर पाठवणार आहेत तिला. म्हणजे उसनी देणार दुसऱ्या क्लबला, हंगाम संपेपर्यंत. दुसऱ्या गावात. आणि तुम्ही 'आजच पाठवा' म्हणालात?"

उसनी! दांडू, माझी नात म्हणजे काय शिडी आहे? या घरातून आजवर काय काय उसनं गेलं ते मला पाठ आहे. शिडी गेली ती एक पायरी कमी होऊन आली. इस्त्री गेली ती आलीच नाही, तिची वायर आली. छत्री गेली, तिच्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी काडी मोडलेली छत्री आली आणि वर आभारही मानले. आणि ही मंडळी माणसं उसनी देतात! हे त्यांच्यात रूढ आहे म्हणे. तरुण खेळाडू आपल्याकडे नुसता वाढत असेल आणि मोठ्या संघात जागा नसेल, तर त्याला एखाद्या छोट्या, गरजू क्लबाकडे धाडतात. तो तिथे पडतो, आपटतो, शिकतो, आणि हंगाम संपला की परत. (परत आला तर. मी इस्त्रीचाच विचार करत होतो.)

सकाळ होताच मी तडक क्लबात गेलो, दिलेला होकार परत घ्यायला. क्लबाचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली: एका भिंतीला कपाटात ढाली आणि चषक, दुसऱ्या भिंतीला खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले मोजे, आणि मधे मलमाचा असा वास की माझा खांदा नुसत्या वासाने मोकळा झाला. टेबलाच्या एका बाजूला शिट्टी, दुसऱ्या बाजूला मॅनेजरबाई. या बाई आडव्या बांध्याच्या आहेत, बोलतात कमी, आणि समोरचा बोलत असताना चेंडूत हवा भरतात. शिट्टी माझ्या बाजूचे निघाले. त्यांचं म्हणणं असं, की पोर अजून घडते आहे. इथे मैत्रिणी आहेत, तिची सवय असलेला कोच आहे, मे महिन्यात अंतिम सामना आहे. इथे चुकली तर फुर्र मी आहे समजावायला. तिथे चुकली तर सरळ बाकावर बसवतील, आणि मग धड इकडचा सामना नाही, धड तिकडचा नाही. मला हे इतकं पटलं की मी टाळी वाजवली. बाई चेंडूत हवा भरत म्हणाल्या, "त्यांची गोलकीपर बाळंतपणाच्या रजेवर आहे. दुसरी कोणी नाहीच. बाकावर बसवतील कुणाला?" आणि पुढे म्हणाल्या, तो संघ तळाला आहे, दर सामन्यात चेंडूंचा नुसता मारा होतो, आणि पुढे खेळणाऱ्या बायका दिवसभर नोकरी करून, पोरांना घरी सोडून येतात. गोल सोडलास तर त्या तोंडावर विचारतात, का सोडलास म्हणून. असं विचारणारं हिला इथे कोण आहे?

आता माझी पाळी होती. मी रात्रभर तयारी केली होती. शाळेत शिकलेली कविता आयुष्यात कधी ना कधी कामी येते, असं मास्तर म्हणायचे ना? मी उभा राहिलो आणि रोपाच्या कवितेपासून सुरुवात केली. म्हणालो, बाई, हे कोवळं रोप आहे, याला असं उपटून... बाई म्हणाल्या, "आजोबा, माझी अख्खी गच्ची कुंड्यांनी भरलीय. ट्रेमधलं रोप वेळेवर हलवलं नाही ना, तर मुळं गोल गोल फिरत बसतात आणि ते तिथेच मरतं." मी ते कडवं सोडून पाखराकडे वळलो. घरट्यातलं पाखरू, आईची ऊब, चोचीतला दाणा... आणि तिसऱ्या कडव्याशी येऊन माझं मलाच आठवलं की तिसऱ्या कडव्यात पाखरू उडून जातं, आणि चौथ्यात आई आनंदाने गाते. घाईघाईने मी नदी घेतली. डोंगराच्या कुशीत झुळझुळणारी नदी. पण ती मेली कधी कुशीत राहतेय! ती तर दुसऱ्याच ओळीत निघाली. होडी घेतली, तर तिने किनारा सोडला. दिवा घेतला, तर त्याची ज्योत दुसऱ्या दिव्याला लागली. दांडू, मी घाम पुसला. शिट्टींनी पहिल्यांदाच शिट्टी तोंडातून काढून टेबलावर ठेवली आणि कळवळून म्हणाले, "आजोबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

घरी येऊन मी ट्रंक उपसली. पहिलीपासून अकरावीपर्यंतच्या कविता धुंडाळल्या. एक कविता मिळू नये? जिथे आहेस तिथेच राहा, बाळ, असं सांगणारी एक तरी? नाही. सगळे कवी मेले एकजात लोनवाले! पाखरं हाकलतात, नद्या वाहवतात, होड्या ढकलतात, शूरवीरांना तर उंबऱ्याच्या आत ठरूच देत नाहीत. आणि यातला एकेक कवी, मी पैज लावतो, एकाच गावात, एकाच खुर्चीत बसून हे लिहीत होता. आम्ही असतो एका जागेचे, म्हणून आम्हाला हे वाचून गहिवरून येतं. तुझी नोकरीत गावोगाव बदली व्हायची. तू परत यायचास तो दर वेळी नव्या भाषेतल्या शिव्या, नवे मित्र आणि नवा हुशारीचा थाट घेऊन यायचास. मी मात्र कचेरीत शेवटपर्यंत त्याच टेबलाशी, समोर तीच पिवळी भिंत. त्या भिंतीशी माझं चांगलं जमलं, तक्रार नाही. पण भिंतीने मला कधी विचारलं नाही, का सोडलास म्हणून.

तर कविता मिळेना, म्हणून शेवटी मीच केली. विषय: मैलाचा दगड. यापेक्षा ठाम वस्तू जगात नाही. ऐक:

उभा कडेला, पाय न हलवी, मैलाचा मी दगड बरा,
येती जाती गाड्या-घोडे, मीच एकटा ठाम खरा.
धूळ बसो वा ऊन पडो मज, जागा माझी सोडेना,
अंक पोटिचा मिरवित राही, कुणापुढेही वाकेना.

('पोटिचा' ऱ्हस्व केला आहे, वृत्तासाठी. मास्तरांनी कान पिळला असता, पण मास्तर आता नाहीत आणि माझे कान आता पिळून काही उपयोग नाही.) मी ही मुंगीला स्वयंपाकघरात म्हणून दाखवली. ती ओट्याला टेकून पाव खात होती. तिने शेवटपर्यंत ऐकली, म्हणाली, "चाल छान आहे." मग पाव चावत म्हणाली, "पण आजोबा, मैलाच्या दगडाकडे बघून लोक काय करतात?"

"काय करतात?"

"पुढे जातात."

तिने आत जाऊन आपले हातमोजे आणले आणि माझ्यापुढे ठेवले. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेले; पांढरेस्वच्छ, तळव्यावरचं कंपनीचं नाव जसंच्या तसं. म्हणाली, "बाकीच्या मुलींच्या आया कपडे धुऊन धुऊन वैतागल्या. माझे मोजे एकदाही धुवावे लागले नाहीत. तुमच्या कविता मला आवडतात हो आजोबा, खरंच. पण मला चेंडू हवाय." एवढं बोलून ती उरलेला पाव संपवू लागली, आणि मी चष्मा पुसण्यासाठी गॅलरीत गेलो. चष्मा फार खराब झाला होता, बराच वेळ लागला.

सकाळी मी क्लबात फोन करून सांगितलं, माझी हरकत नाही. आणि या खेपेला शब्द नीट ऐकून सांगतोय. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. मागे चेंडूत हवा भरल्याचा आवाज येत होता.

तर असं सगळं आहे. बाकी क्षेम. मला या प्रकरणात आता काहीही म्हणायचं नाही, मी पूर्ण समाधानी आहे, आणि स्टूल घडी करून माळ्यावर टाकलं आहे.

तुझा,
बाकावरचा शेजारी

ता. क. – लिहायचं राहिलंच. तो तळाचा क्लब तुझ्याच गावातला आहे, तुझ्या घरामागच्या पाण्याच्या टाकीपलीकडे ज्यांचं मैदान आहे तो. सूनबाईची एकच अट आहे, की पोरगी ओळखीच्या घरी राहिली तरच जाईल, हॉस्टेलवर नाही. नाहीतर लोन रद्द. तुझी ती वरची खोली, जिथे तू दुपारी 'वाचत' असतोस, ती हंगाम संपेपर्यंत मुंगीला देशील का? शनिवारी खेळाडू द्यायघ्यायची खिडकी बंद होते. (मी विचारलं, जेवणाच्या सुट्टीनंतर परत उघडत नाही का? सूनबाई म्हणाली, "बाबा, खिडकी म्हणजे मुदत.") तेव्हा उत्तर फोनने दे, पत्राने नको. पोरीचं सगळं तुझ्या होकारावर अडलं आहे.

ता. क. २ – तिचा त्रास काही नाही. अंडी बरीच लागतात. झोपेत उजवीकडे झेप घेते, तेव्हा पलंगाच्या उजव्या बाजूला फुटायचं काही ठेवू नका.

ता. क. ३ – वरची खोली मोठी आहे असं मला आठवतं. तिथे एक खाट आणखी मावेल. आमच्याकडे अजून एक खेळाडू लोनवर द्यायचा आहे. वय जरा जास्त आहे, धावत नाही, पण बाकावर उत्तम बसतो, जेवण मोजकं, आणि पाठांतर दांडगं. गोलाच्या मागे बसून तोंड मिटून राहीन असं लेखी देतो. सूनबाईला यातलं काही माहीत नाही. फोनवर बोललास तर हे आधी तूच सुचवल्यासारखं कर.

ता. क. ४ – बेल वाजली. मुंगी सरावाला गेली आहे आणि सूनबाई आंघोळीला, तेव्हा मलाच उठलं पाहिजे.

ता. क. ५ – तू आहेस! दारात तू, दोन बॅगा आणि एक वळकटी. म्हणतोस, आमच्या सूनबाईने वहिनींना आठवड्यापूर्वीच फोन केला होता, सगळं तेव्हाच पक्कं झालं, वरची खोली झाडून तयार आहे, अंडीसुद्धा आणून ठेवली आहेत. फक्त त्या खोलीत तू होतास. म्हणून दोघींनी अदलाबदल ठरवली: मुंगी तिकडे, तू इकडे, माझ्या खोलीत, हंगाम संपेपर्यंत, आणि हे आज सकाळपर्यंत आपल्या दोघांना सांगायची गरज त्यांना वाटली नाही. तुझे दोन्ही गुडघे दुखताहेत आणि मी तुला आत का घेत नाही असं तू विचारतो आहेस. मी सांगितलं आहे, दोन मिनिटं तिथेच उभा राहा, तुलाच पत्र लिहितोय.